तारखेची तुलना आणि वाट चुकलेली बिले

गेल्या आठ-दहा वर्षांत कापडाच्या धंद्यातले कागद कमी झाले आणि तारखा वाढल्या. पूर्वी मालेगावच्या किंवा भिवंडीच्या मालाबरोबर एक बिल आणि एक बिल्टी यायची. बिलाची तारीख मुनीम खतावणीत चढवायचा. बिल्टीची तारीख गाठ हरवली तरच आठवायची. आज एकाच व्यवहाराला बिलाची तारीख आहे, ई-वे बिल काढल्याची वेळ आहे, त्याची मुदत संपण्याची वेळ आहे, माल पोहोचल्याची तारीख आहे, माल स्वीकारल्याची तारीख आहे आणि पैसे चुकते करण्याची कायद्याने घातलेली शेवटची तारीखही आहे. या सगळ्या तारखा संगणकात जातात. कोणते बिल आज द्यायचे आणि कोणते थांबवायचे, हा फैसला बऱ्याच पेढ्यांत आता संगणकच करू लागला आहे.

दोन तारखांपैकी आधीची कोणती आणि नंतरची कोणती, एवढाच हा फैसला असतो. पाचवीतल्या मुलालाही तो जमतो. मग संगणकाला का जमत नाही, आणि जमत नसेल तर चूक कुठे शोधायची, हे आमच्या व्यापारी बांधवांना माहीत असावे म्हणून हा लेख. नाशिकच्या बाजारातील एका घाऊक पेढीवर २०२४ च्या मार्चमध्ये जे घडले ते आम्ही जवळून पाहिले. पेढीचे नाव सांगण्याची गरज नाही. जे तिथे झाले ते कुठेही होऊ शकते.

आधी मुदतीचा कायदा

ज्यांना हा विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार असेल तर करारातील मुदत, पण ती कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हा कायदा अठरा वर्षे पुस्तकातच होता म्हटले तरी चालेल. यंत्रमागवाल्याने व्याज मागितले असे आमच्या बाजारात फारसे ऐकले नाही. मागितले तर पुढची ऑर्डर कोण देणार?

परंतु २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी मध्ये (एच) हे उपकलम घातले. ते १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबाला लागू झाले. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरायचा. समजा एका भागीदारी पेढीने चार लाखांचे ग्रे कापड घेतले, मुदत उलटली आणि ३१ मार्चला रक्कम थकीत राहिली. ते चार लाख त्या वर्षाच्या नफ्यात मिळवले जातात. पेढीच्या तीस टक्के करावर चार टक्के उपकर धरला तर १,२४,८०० रुपये कर आधी भरावा लागतो. पुढच्या वर्षी वजावट मिळते हे खरे, पण भांडवल तोपर्यंत सरकारजमा असते. २०२४ च्या सुरुवातीला देशभरच्या कापड बाजारांत यावरून बराच गोंधळ झाला आणि ही तरतूद पुढे ढकलावी अशी मागणीही झाली. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण मुदतीचे मूळ २००६ च्या कायद्यातच आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही मुदत सगळ्याच बिलांना लागू होत नाही. माल विकणारा स्वतः उत्पादक असेल, किंवा रंगाई-छपाईसारखे काम करून देणारा असेल, आणि सूक्ष्म किंवा लघु गटात नोंदलेला असेल, तरच लागू होते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ च्या आदेशाने उद्यम नोंदणी मिळाली, परंतु ती बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. म्हणजे मालेगावच्या माग-मालकाचे बिल एका वाटेने जायला हवे आणि सुरतेच्या अडत्याचे दुसऱ्या. हजार बिलांत हे हाताने निवडणे मुनिमाला अवघड, म्हणून सॉफ्टवेअर आले.

हुंडेकऱ्याचे गोदाम

त्या पेढीवर मालकाच्या भाच्याने नायफाय नावाचे सॉफ्टवेअर बसवले होते. मुलगा संगणकाचा पदवीधर आहे, हुशार आहे. हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत तयार झाले. तिथे त्याचे नाव नायगाराफाइल्स होते. २०१४ साली ते अपाचे फाउंडेशनला देऊन खुले केले गेले, आणि आज कोणालाही फुकट वापरता येते. मोठ्या बँका आणि कंपन्या ते वापरतात. कापड पेढीला एवढे मोठे यंत्र कशाला, असे आम्हीही विचारले होते. त्यावर उत्तर मिळाले, "मामू, फुकट आहे, आणि मला येतं."

त्याचे काम हुंडेकऱ्याच्या गोदामासारखे चालते. रात्री ट्रक येतो, हमाल गाठी उतरवतात. प्रत्येक गाठीवर चिठ्ठी असते. दारात उभा असलेला माणूस गाठ उघडून पाहत नाही. चिठ्ठी वाचतो आणि सांगतो, ही धुळ्याच्या थप्पीला, ही येवल्याच्या, ही सिन्नरच्या. नायफायमध्ये गाठीच्या जागी फाइल असते आणि चिठ्ठीच्या जागी तिचे गुणधर्म: कोणाचे बिल, किती रकमेचे, कोणत्या तारखेचे, शेवटची तारीख कोणती. दारातल्या माणसाच्या जागी एक नियम लिहिलेला असतो. नियमाचे उत्तर 'हो' आले तर फाइल ठरलेल्या वाटेने जाते. कोणत्याच नियमाला 'हो' आले नाही तर ती 'न जुळलेली' या वाटेला लागते.

या पेढीवर तीन वाटा होत्या. शेवटची तारीख जवळ आली असेल तर 'आज द्या'. अवकाश असेल तर 'थांबा'. उलटून गेली असेल तर 'उलटली'. व्यवस्था फेब्रुवारीत सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून 'आज द्या'ची थप्पी रिकामी होती. मालकाला वाटले, सगळे वेळेवर आहे. तो रमजानचा हंगाम होता. त्या वर्षी ईद ११ एप्रिलला आली आणि दोनच दिवस आधी गुढीपाडवा. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. रिकाम्या थप्पीकडे कोण पाहतो? संशय आला तो म्हाताऱ्या मुनिमाला. त्याचे म्हणणे साधे होते: दर हंगामात या दिवसांत मागवाल्यांचे तगादे आणि आपली देणी एकदम अंगावर येतात, या वर्षी यादीत एकही नाव कसे नाही? त्यात एका मागवाल्याचा फोन आला. त्याच्या बिलाला तेव्हा बावन्न दिवस झाले होते.

२८ मार्चच्या गुरुवारी संध्याकाळी शोध सुरू झाला. शुक्रवारी गुड फ्रायडेमुळे बँका बंद, रविवारी ३१ तारीख. म्हणजे कामाचा दिवस एकच, शनिवार.

यंत्र 'नाही' म्हणते, ओरडत नाही

पहिली गोष्ट जी आढळली ती अशी. चिठ्ठीवर जे लिहिलेले असते ते नायफायच्या दृष्टीने सगळे अक्षरेच असतात. '०५/०४/२०२४' ही आपल्याला तारीख दिसते. यंत्राला ती आकडे आणि तिरप्या रेघांची एक ओळ दिसते. भाच्याने नियम लिहिला होता की शेवटची तारीख आजच्या तारखेपेक्षा मोठी असेल तर 'थांबा'. त्यासाठी वापरलेला 'जीटी' हा शब्द, म्हणजे 'पेक्षा मोठे', फक्त संख्यांची तुलना करतो. दोन्ही बाजूंपैकी एकीची जरी संख्या होऊ शकली नाही, तरी तो 'नाही' असे उत्तर देतो. हे त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात स्पष्ट छापलेले आहे. 'पेक्षा लहान' या शब्दाचेही तसेच. म्हणजे तारीख मोठी आहे का? नाही. लहान आहे का? नाही. समान आहे का? नाही. तिन्ही नियमांना 'नाही' आले आणि प्रत्येक बिल 'न जुळलेली' या वाटेने गेले.

आणि त्या वाटेला पुढे काहीच जोडलेले नव्हते. नायफायमध्ये प्रत्येक वाट कुठे तरी जोडावी लागते, नाही तर खूण करून सांगावे लागते की या वाटेने आलेले तिथेच संपवा. घाईत ती खूण केली गेली होती. गोदामाला मागचे दार असावे आणि ज्या गाठीची चिठ्ठी वाचता आली नाही ती त्या दारातून बाहेर टाकावी, असा तो प्रकार. मूळ बिले मेलमध्ये सुरक्षित होती म्हणून निभावले.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी गोम हीच आहे. तारीख खरोखर उलटली नसेल तरी उत्तर 'नाही', आणि तारीख वाचताच आली नसेल तरीही उत्तर 'नाही'. मुनीम तारीख वाचू शकला नाही तर चष्मा पुसतो आणि विचारतो. यंत्र विचारत नाही. म्हणून अशा कोणत्याही व्यवस्थेत सर्वांत आधी पाहायची ती 'न जुळलेली' थप्पी. नियम तपासण्याआधी ती एका जागी साठवायला लावावी आणि तीत काय येते ते मोजावे. नायफायमध्ये रांग थांबवून प्रत्येक फाइलची चिठ्ठी उघडून पाहता येते, आणि ती कोणत्या दारातून कुठे गेली याची नोंदही यंत्र ठेवते. ही सोय बिल्टीइतकीच कामाची आहे. त्या संध्याकाळी याच नोंदीवरून सारी बिले एकामागून एक कुठे संपली ते दिसले.

दुरुस्ती काय? नियमात दोन पायऱ्या वाढवायच्या. चिठ्ठीवरच्या अक्षरांना आधी तारीख करायची, आणि ती करताना सांगायचे की पहिले दोन अंक दिवसाचे, नंतरचे दोन महिन्याचे, शेवटचे चार वर्षाचे. मग त्या तारखेला आकडा करायचे. हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंदाचे हजारावे भाग. १ एप्रिल २०२४ च्या आपल्या मध्यरात्रीचा आकडा १७११९०९८००००० असा तेरा अंकी होतो. आजच्या वेळेलाही तसेच आकड्यात आणायचे. मग दोन आकड्यांत मोठा कोणता हे यंत्र डोळे झाकून सांगते.

हे काही नवे नाही. पेशवाईतील मोडी कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असे. 'सीत सबैन मया व अलफ' असे वाचले की उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्याला लगेच कळते: सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७६. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७५-७६ येते. दुसऱ्या कागदावर शक लिहिलेला असतो, तिसऱ्यावर हिजरी. यातला आधीचा कागद कोणता हे ठरवण्यापूर्वी इतिहासकार जंत्री काढून सर्वांना एका मापात आणतात. यंत्रालाही जंत्री द्यावी लागते, एवढेच.

महिनाभर बरोबर आणि महिनाअखेर चूक

सगळीच सॉफ्टवेअर नायफायसारखी 'नाही' म्हणत नाहीत. काही अक्षरांचीच तुलना करतात, शब्दकोशात शब्द लावतात तशी, आणि हा प्रकार जास्त फसवा असतो. '३०/०३/२०२४' आणि '२८/०३/२०२४' यांची तुलना करा. पहिले अक्षर तीन आणि दोन. तीन मोठे, म्हणून तीस मार्च नंतरची. उत्तर बरोबर. आता '०५/०४/२०२४' आणि '२८/०३/२०२४' घ्या. पहिले अक्षर शून्य आणि दोन. शून्य लहान, म्हणून पाच एप्रिल ही अठ्ठावीस मार्चच्या आधीची ठरते. एकाच महिन्यातल्या तारखा नेहमी बरोबर लागतात, म्हणून महिन्याच्या मध्यावर चाचणी घेणाऱ्याला सारे ठीक दिसते. महिना बदलला की चुकते, आणि आमच्या धंद्यात देण्या-घेण्याची गर्दी नेमकी तेव्हाच असते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले तर अक्षरांची तुलनाही बरोबर येते. १९८८ साली निघालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात तारीख अशीच लिहायला सांगितली आहे. बिलावर ग्राहकाला दाखवायला दिवस आधी लिहावा, पण यंत्राच्या पोटात वर्ष आधी असावे.

एक्सेलची गंमत आणखी वेगळी. एक्सेल तारखेला दिवसांचा क्रमांक मानते. १ जानेवारी १९०० हा पहिला, आणि १ एप्रिल २०२४ हा ४५३८३ वा. संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर तो महिना आधी वाचतो. '०५/०४/२०२४' लिहिले की चार मे होते आणि कोणालाही कळत नाही. '२८/०३/२०२४' लिहिले तर अठ्ठाविसावा महिना नसतो, म्हणून ते अक्षरच राहते. एकाच रकान्यात बारा तारखेपर्यंतची बिले महिना उलटून बसतात आणि तेरापासूनची तारीखच होत नाहीत. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या तारखा रकान्यात उजवीकडे चिकटतात, अक्षरे डावीकडे. अर्ध्या उजवीकडे आणि अर्ध्या डावीकडे दिसल्या की समजावे, उजवीकडच्याच बिघडल्या आहेत. उर्दूत ओळ उजवीकडून चालते आणि आकडे डावीकडून, त्यामुळे कोणते टोक आधी वाचायचे हे विचारायची सवय आम्हाला लहानपणापासून आहे. आजच्या मुलांना ती लावावी लागते.

त्या पेढीवर दुरुस्ती झाल्यावरही तीन-चार बिले विचित्र वागली. एका मागवाल्याच्या बिलांवर वर्ष दोनच अंकी होते, २०२४ च्या जागी २४. जावा भाषेच्या जुन्या तारीख-वाचकाला चार अंकी वर्ष सांगितले आणि दोनच अंक दिले, तर तो ते जसेच्या तसे घेतो. बिल इसवी सन २४ चे ठरले. हिजरी सन सुरू होण्याच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधीचे! 'उलटली'च्या थप्पीत ते सर्वांत वर बसले होते, आणि त्या तणावातही सगळे हसले. दुसऱ्या एका नियमात महिन्यासाठी मोठ्या 'एम'ऐवजी छोटा 'एम' पडला होता. छोटा 'एम' म्हणजे मिनिटे. अशा वेळी महिना जानेवारी धरला जातो आणि आपला महिना मिनिटांत जाऊन बसतो: पाच एप्रिलचे बिल पाच जानेवारीला रात्री बारा वाजून चार मिनिटांचे होते. सगळ्या तारखा जानेवारीच्या दिसू लागल्या तर दुसरे काही शोधू नये. तसाच मोठा 'वाय'. त्याचा अर्थ आठवड्यांच्या हिशेबाचे वर्ष असा आहे, आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत तो कधी कधी पुढचे वर्ष छापतो. वर्षाचे ३६० दिवस बरोबर चालणारी ही चूक पकडणे सर्वांत कठीण.

आजचा दिवस संपतो केव्हा

'शेवटची तारीख आज' असलेल्या बिलाचे काय, हा प्रश्न शनिवारी सकाळी आला. नियम दुरुस्त झाला होता, तरी ३० मार्चची बिले सकाळी दहालाच 'उलटली'च्या थप्पीत पडू लागली. कारण ३० मार्च ही तारीख आकड्यात आणताना यंत्र तिच्यापुढे वेळ धरते ती रात्री बारा वाजून शून्य मिनिटांची, म्हणजे दिवस उजाडण्याआधीची. आणि 'आता' म्हणजे सकाळचे दहा. दहा तास उलटून गेले, म्हणून मुदत संपली! माणसाच्या हिशेबात मात्र तो पूर्ण दिवस आपला आहे. उपाय हा की आजच्या वेळेतून तास-मिनिटे काढून टाकावीत आणि दिवसाची दिवसाशी तुलना करावी. शिवाय 'पेक्षा मोठे' या जागी 'मोठे किंवा समान' वापरावे. सरकारच्या कायद्यात यावर शतकाहून जुना नियम आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यांश कायद्याचे कलम ९ सांगते की 'पासून' म्हटले तर पहिला दिवस सोडायचा, 'पर्यंत' म्हटले तर शेवटचा धरायचा. १ मार्चला स्वीकारलेल्या मालाचा पंचेचाळिसावा दिवस १५ एप्रिल. जुन्या मुदती हुंडीलाही १८८१ च्या कायद्याने तीन दिवसांची सवलत दिलेली आहे, आणि शेवटचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर देणे आदल्या कामाच्या दिवशी धरले जाते. आमचे वडील हे बोटांवर मोजत.

दिवस बदलण्याचाही प्रश्न आहेच. हिजरी तारीख मगरिबला बदलते, सरकारी तारीख मध्यरात्री. आणि भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकाची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते, कारण त्याचे घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेवर लावलेले असते. भिवंडीची गोदामे रात्रीच माल भरतात. १ एप्रिलला पहाटे दीड वाजता काढलेले बिल अशा संगणकाला ३१ मार्चच्या रात्री आठचे दिसते. दिवस बदलला, महिना बदलला आणि आर्थिक वर्षही बदलले. नियमात भारतीय वेळ स्पष्ट लिहिली तर हा घोळ होत नाही.

ई-वे बिलाच्या बाबतीत तर साधे गणितही चालत नाही. १ जानेवारी २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असा नियम आहे. नाशिक-भिवंडीला एक दिवस पुरतो. सुरतेचे अंतर दोनशेच्या वर जाते म्हणून दोन. परंतु हा दिवस चोवीस तासांचा नसतो. वाहनाची माहिती प्रथम भरली त्या तारखेनंतरच्या दिवसाच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. १४ मार्चला पहाटे काढा की रात्री पावणेबाराला, पहिला दिवस १५ मार्च संपतानाच संपणार. काढल्याच्या वेळेत चोवीस तास मिळवणारा नियम म्हणूनच खोटी भीती घालतो, आणि चालक घाटात गाडी उभी करून मालकाला फोन लावत बसतो. मुदत खरोखर संपायला आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. २०२५ च्या जानेवारीपासून आणखी एक तुलना आली आहे: १८० दिवसांपेक्षा जुन्या बिलावर ई-वे बिल निघतच नाही. या बाबतीत चूक स्वस्त नाही. मुदत संपलेल्या कागदावर माल पकडला गेला आणि मालक पुढे आला, तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

कोणत्या तारखेपासून मोजायचे

आतापर्यंत सांगितले ते यंत्राचे. शनिवारी दुपारी मुनीम आणि भाचा यांच्यात जो वाद झाला तो मात्र कोणतेही यंत्र सोडवू शकले नसते. पंचेचाळीस दिवस कोणत्या तारखेपासून? भाच्याने नोंद ज्या दिवशी संगणकात चढली तो दिवस धरला होता, कारण ती तारीख आपोआप मिळते. मुनीम म्हणाला, "नोंद मी चार दिवस उशिरा केली तर कायदा माझ्यासाठी थांबतो काय?" मुनिमाचे बरोबर होते. कायदा माल स्वीकारल्याचा दिवस मानतो. मालाबद्दल पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. लेखी हरकत घेतली असेल तर ती दूर झाल्याचा दिवस. ठाण कमी निघाले, रंग उतरला, माप कमी भरले, अशा तक्रारी आपल्याकडे फोनवरच होतात. फोनवरच्या तक्रारीने तारीख पुढे जात नाही.

बिलाच्या तारखेपासून मोजले तर सहसा पैसे थोडे आधी जातात, पण कर वाचतो. नोंदीच्या तारखेपासून मोजले तर तीन-चार दिवस फुकट मिळाल्यासारखे वाटतात आणि नेमके तेच अंगावर येतात. आमचा सल्ला असा की पोहोच-पावतीवर तारीख लिहून घ्यावी आणि तीच चिठ्ठीवर चढवावी. ती नसेल तर बिलाची तारीख. नोंदीची तारीख या कामाला कधीही घेऊ नये.

वर्षअखेरीला दोन तुलना कराव्या लागतात हेही बरेच जण विसरतात. ३१ मार्चला बिल थकीत आहे, एवढ्याने खर्च नामंजूर होत नाही. २० मार्चला स्वीकारलेल्या मालाची पंचेचाळीस दिवसांची मुदत ४ मे रोजी संपते. तोवर पैसे दिले तर काही अडचण नाही. २०२४ च्या मार्चमध्ये घाबरून अशी बिलेही अनेकांनी चुकती केली, आणि ईदच्या हंगामात हाती रोकड उरली नाही.

त्या पेढीवर शनिवारी बँकेची वेळ संपेपर्यंत मुदत उलटलेली सगळी देणी एनईएफटी आणि आरटीजीएसने गेली. ज्या मागवाल्याला बावन्न दिवस झाले होते त्याचे पैसे सर्वांत आधी गेले, आणि मुनिमाने त्याला स्वतः फोन केला.

आता तिथे नियमात बदल केला की आधी खोटी बिले सोडून पाहतात. एक काल मुदत संपलेले, एक आज संपणारे, एक उद्या संपणारे. एक तारखेशिवाय, एक दोन अंकी वर्षाचे. एक २८ मार्चचे आणि त्याच्या शेजारी ५ एप्रिलचे. एक रात्री दीड वाजता काढलेले. प्रत्येक बिल कोणत्या थप्पीत पडायला हवे ते मुनीम आधी कागदावर लिहून ठेवतो आणि मग यंत्र चालू करतात. परवा त्याने यादीत आणखी एक वाढवले: २९ फेब्रुवारी २०२८.